मुगातले भुंगे आणि शेवाळी पूड

आमचं सिरसाळ्याला भुसार मालाचं दुकान. ज्वारी, तूर, मूग, हरभरा; सुगीत घ्यायचा, चाळून-निवडून ठेवायचा आणि वर्षभर विकायचा. माझे वडील, त्यांना आम्ही अप्पा म्हणतो, सकाळी लिंगपूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून दुकानात आले की गल्ल्याकडे जायच्या आधी पोत्यांकडे जायचे. एकेका पोत्यात कोपरापर्यंत हात खुपसायचे, तळाचे दाणे वर काढायचे आणि दारातल्या उजेडात तळहातावर पसरून बघायचे. एखादा दाणा भोक पडलेला निघाला तर त्यांचा दिवस बिघडायचा. सगळं पोतं अंगणात ओतून ऊन दाखवलं जायचं आणि घरातल्या सगळ्यांना चाळायला बसवलं जायचं. लहानपणीच्या माझ्या कितीतरी सुट्ट्या मुगातले भुंगे वेचण्यात गेल्या आहेत.

त्यामुळे मी बीडच्या कॉलेजात रसायनशास्त्रात पीएच.डी. करत असताना एका शनिवारी घरी आले आणि "अप्पा, मला भुंगे लागलेला मूग पाहिजे," म्हणाले, तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"कावून?"

"भुंगे पाळायचेत. संशोधनाला लागतात."

"पाळायचेत?" त्यांनी एकदम आवाज खाली आणला. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. "आपल्या दुकानात किडका माल न्हाई. आन् असलं बाहेर कुणापाशी बोलू नको."

सोमवारी सकाळी एस.टी.ला निघताना त्यांनी माझ्या हातात एक कापडी पिशवी दिली. आत मूग होता आणि त्यात नुसती वळवळ चाललेली. "हे आपलं न्हाई," ते म्हणाले, "दुसऱ्याकडून आणलंय." कुणाकडून, ते मी विचारलं नाही. पिशवी मात्र आईनं शिवलेली होती.

ती पिशवी मांडीवर घेऊन मी तेलगाव, वडवणी करत बीडला चालले होते. शेजारी एक बाई बसली होती. थोड्या वेळानं तिच्या पदरावरून एक भुंगा चालत गेला. मग दुसरा. तिनं आधी स्वतःची पिशवी झटकली, मग माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तुमच्या मुगाला किडे लागलेत हो."

"हो, माहितीय."

"मग टाकून द्या की. कशाला वागवताय?"

"किडेच न्यायचेत मला. मूग त्यांच्या खाण्यासाठी आहे."

ती बाई उठली आणि पुढच्या बाकावर जाऊन बसली. उतरेपर्यंत तिनं दोनदा मागं वळून पाहिलं. मला हसू येत होतं, पण मनातून मी फार खूश होते. घरादारानं ज्यांच्याशी आयुष्यभर वैर धरलं त्यांना घेऊन मी प्रयोगशाळेत चालले होते, आणि तिथं त्यांच्यासाठी मी स्वतःच्या हातांनी बनवलेलं काहीतरी वाट बघत होतं.

काय बनवलं होतं ते सांगते. काही सेंद्रिय रेणू असे असतात की ते धातूच्या अणूला दोन बाजूंनी पकडून धरतात. त्यांना लिगँड म्हणतात. तांबं, निकेल, कोबाल्ट, जस्त असा एखादा धातू त्यांनी धरला की जे नवीन संयुग तयार होतं ते कॉम्प्लेक्स. माझ्या सरांचं म्हणणं असं होतं की यातले काही लिगँड किड्यांना थोडाफार त्रास देतात. पण धातू धरल्यावर त्यांचं बळ वाढतं की कमी होतं, आणि कुठल्या धातूनं किती, हे आपण पाहू. साधा प्रश्न. त्याच्या उत्तरात माझ्या वयाची ऐन उमेदीची वर्षं गेली आणि त्यातलं एकही वाया गेलं असं मला आजही वाटत नाही.

आमची संशोधनाची खोली पहिल्या मजल्यावर होती. एक लांब ओटा, पाण्याचा नळ दिवसातून थोडाच वेळ चालणारा, म्हणून कोपऱ्यात भरून ठेवलेली निळी टाकी. परतवाही उकळीसाठी, म्हणजे वाफ थंड होऊन पुन्हा आतच पडावी म्हणून, चंबूवर काचेची नळी बसवायची आणि तिच्यातून सतत थंड पाणी फिरवायचं असतं, नाहीतर आतलं स्पिरिट उडून जातं. नळ बंद असला की मी बादलीत बर्फाची लादी टाकून माशांच्या टाकीतला छोटा पंप लावायचे. असलं जुगाड आम्हा सगळ्यांनाच यायचं. बाहेरच्या मोठ्या विद्यापीठात गेल्यावर तिथली मुलं पाणी नाही म्हणून काम थांबवतात, हे पाहून मला आश्चर्य वाटलं होतं.

लिगँड पहिल्यांदा नीट जमला तो दिवस मला स्वच्छ आठवतो. ॲल्डिहाइड आणि अमाइन ही दोन रसायनं स्पिरिटात विरघळवून, ॲसेटिक ॲसिडचे थोडे थेंब टाकून उकळत ठेवलं होतं. चंबू थंड करायला ठेवला आणि मी खाली चहा प्यायला गेले. वर आले तर चंबूच्या तळाशी हळदीसारखे पिवळेधमक स्फटिक, सुयांसारखे लांब. मी चंबू उचलून खिडकीत धरला आणि वरांड्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून दाखवला. त्यात इतिहासाचे एक प्राध्यापकही होते. ते म्हणाले, "छान आहे. काय आहे?"

मग एकेक धातू. तांब्याच्या क्षाराचं निळं द्रावण त्या पिवळ्या द्रावणात ओतलं की क्षणात रंग बदलायचा आणि उकळल्यावर खाली शेवाळी रंगाची पूड बसायची. निकेलचं कॉम्प्लेक्स गेरूसारखं तांबूस आलं. जस्ताचं फिकट पिवळं. कोबाल्टनं मात्र खूप छळलं. हवा लागली की ते काळवंडायचं आणि दर वेळी वेगळंच काहीतरी हातात यायचं. मी रडकुंडीला येऊन सरांकडे गेले आणि म्हणाले, "सर, रंगच जुळत नाही."

सर आमच्याच भागातले, केज तालुक्यातल्या एका खेड्यातले. बोलणं कमी. ते म्हणाले, "रंग कुणालाही दिसतो. आत काय आहे ते तू सांगायचंस. त्यासाठी तुला इथं बसवलंय."

आत काय आहे ते डोळ्यांनी दिसत नाही, हाच तर खरा पेच. पूड हातात आहे, पण तांब्याला लिगँडनं नेमकं कुठं धरलंय, एका तांब्याभोवती किती लिगँड आहेत, त्यांची मांडणी सपाट आहे की चौफेर, हे सगळं आडून आडून शोधावं लागतं. नमुने विद्यापीठात पाठवायचे, तिथून अवरक्त किरणांचे आलेख यायचे, आणि मी ते आलेख ओट्यावर पसरून, लिगँडचा वर, कॉम्प्लेक्सचा खाली, असे जोडीनं वाचायचे. लिगँडच्या आलेखातली एक दरी कॉम्प्लेक्समध्ये जराशी सरकलेली दिसली म्हणजे नायट्रोजननं धातू धरला. दुसरी दरी नाहीशीच झाली म्हणजे तिथला हायड्रोजन गेला आणि ऑक्सिजननंही धातू धरला. पहिल्यांदा हे माझं मला वाचता आलं तेव्हा परकी लिपी एकदम कळायला लागावी तसं झालं.

चुंबकाचं काम मात्र आम्ही कॉलेजातच केलं. कपाटामागे एक जुना तराजू झाकून ठेवलेला होता, विजेवर चालणाऱ्या दोन जड चुंबकांच्या मध्ये नमुन्याची नळी टांगून तोलायचा. कित्येक वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. मी तो पुसला, तारा बदलून घेतल्या, माहितीतल्या पदार्थावर पुन्हा पुन्हा तपासून त्याचं माप बरोबर येईपर्यंत सोडला नाही. मग तांब्याचं कॉम्प्लेक्स भरून नळी टांगली आणि चुंबक चालू केला. काटा हलला. वजन वाढलेलं, चुंबक नळीला खाली ओढत होता. म्हणजे तांब्यात एक इलेक्ट्रॉन एकटा आहे, असायला हवा तसा. मग निकेलची गेरू रंगाची पूड भरली. चुंबक चालू केला. ओढ नाही. उलट वजन किंचित कमीच भरलं. मी पुन्हा भरलं, पुन्हा पाहिलं, नळी बदलून पाहिली. ओढ नाहीच.

सर मागं येऊन उभे राहिले होते. "मग?" ते म्हणाले.

"निकेलमध्ये एकटा इलेक्ट्रॉन नाही, सर. सगळे जोडीनं आहेत."

"मग त्याच्याभोवतीचे चार हात कसे आहेत?"

"सपाट चौकोनात," मी म्हणाले.

सरांनी मान हलवली, बाहेर गेले आणि थोड्या वेळानं स्वतः दोन कप चहा घेऊन आले. विभागातल्या शिपाईमामांनी मला नंतर सांगितलं की त्यांच्या सगळ्या नोकरीत सरांना चहा आणताना त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या एका वस्तूचा आकार मी बीडमधल्या एका पहिल्या मजल्यावर बसून सांगितला होता. त्या दिवशी मी बसस्टँडपर्यंत रिक्षा न करता चालत गेले, कारण बसून राहवत नव्हतं.

आता पाळी भुंग्यांची. त्यासाठी सरांनी मला प्राणिशास्त्राच्या मॅडमकडे पाठवलं. त्या उंच, मोठ्यानं बोलणाऱ्या, आणि किडे हातावर घेऊन त्यांच्याशी बोलणाऱ्या. बरण्यांत मूग भरून, तोंडाला मलमल बांधून आम्ही भुंग्यांची पैदास केली. मॅडमनी मला नर-मादी ओळखायला शिकवलं, एकाच वयाचे भुंगे वेगळे काढायला शिकवलं. मग काचेच्या बशीत गोल कागद घालायचा, त्यावर कॉम्प्लेक्स ॲसिटोनमध्ये विरघळवून लावायचं, ॲसिटोन उडून जाऊ द्यायचं, भुंगे सोडायचे आणि झाकण लावायचं. एका बशीत नुसता लिगँड, एकेका बशीत एकेका धातूचं कॉम्प्लेक्स, आणि एका बशीत काहीच नाही, फक्त ॲसिटोन लावून वाळवलेला कागद. तिला कंट्रोल म्हणतात.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी तांब्याच्या बशीतले सगळे भुंगे पाय वर करून पडले होते. मी ओरडलेच. शेजारच्या खोलीतल्या मुली धावत आल्या. कुणीतरी पेढे आणायला पळालं. मी लगेच घरी फोन लावला.

"अप्पा, मेले! सगळे मेले!"

"कोण मेलं गं?" ते दचकून म्हणाले.

"भुंगे! मी केलेल्या औषधानं!"

पलीकडे अप्पा बोलू लागले, पण माझ्याशी नाही. दुकानातल्या लोकांना ते सांगत होते, "आमच्या पोरीनं भुंग्याचं औषध काढलं. आत्ता फोन आलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्या बशा नीट बघायला घेतल्या. आनंदाच्या भरात आदल्या दिवशी मी कंट्रोलच्या बशीकडे पाहिलंच नव्हतं. तिच्यातलेही जवळपास सगळे मेलेले होते. नुसत्या लिगँडच्या बशीतलेही. झाकण उघडून मी नाकाशी धरलं आणि ॲसिटोनचा वास आला. कागद वरून कोरडा वाटला तरी पुरता वाळलेला नव्हता. झाकणाखाली कोंडलेल्या वाफेनंच भुंगे गेले होते. माझ्या कॉम्प्लेक्सचा त्यात हात होता की नाही, हे कळायला काही मार्गच उरला नव्हता.

मी बशा तशाच ट्रेमध्ये घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी कंट्रोलची बशी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "स्वतः पाहिलंस?"

"हो."

"मग तू शास्त्रज्ञ आहेस. जा, बशा धू आणि पुन्हा लाव."

अप्पांना फोन करणं जास्त अवघड होतं. ते म्हणाले, "आता काय सांगायचं लोकांला? म्या समद्यांला सांगितलंय." मी म्हणाले, "सांगा, अजून पाहायचंय." ते बरं म्हणाले, पण त्यांनी कुणालाही काही सांगितलं नसणार, हे मला ठाऊक होतं.

त्यानंतर कागद पंख्याखाली पूर्ण वाळवून, कंट्रोलमधले भुंगे टुणटुणीत राहतात याची खात्री करून मी सगळं पहिल्यापासून केलं. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या ऋतूंत, भुंग्यांच्या नव्या नव्या पिढ्यांवर. जे निघालं ते पेढे वाटण्यासारखं झटपट नव्हतं. तांब्याचं कॉम्प्लेक्स भुंगे मारत होतं, नुसत्या लिगँडपेक्षा स्पष्टपणे जास्त, पण हळूहळू. जस्त आणि कोबाल्ट मधेच कुठंतरी. निकेलचं, माझं लाडकं सपाट चौकोनाचं, जवळजवळ निरुपयोगी. बाजारातल्या औषधापुढे यातलं कुणीच टिकत नव्हतं.

पण मॅडमनी एक वेगळी गोष्ट बघायला सांगितली. मुगालाच कॉम्प्लेक्सचं द्रावण चोळून वाळवायचं आणि त्यात नर-माद्या सोडायच्या. भुंग्याची मादी दाण्यावर अंडी घालते, पांढरे बारीक ठिपके, दाण्याला घट्ट चिकटलेले. भिंगाखाली एकेक दाणा फिरवत मी ते ठिपके मोजायचे. साध्या मुगावर ठिपकेच ठिपके. तांब्याच्या मुगावर तुरळक. आणि जे होते त्यांतलेही बरेच फुटले नाहीत. आतून अळी निघालीच नाही. भुंगे जगत होते, पण त्यांचा वंश वाढत नव्हता. हे बाकी कुठल्याच धातूनं तितकं केलं नव्हतं. मॅडमनी माझ्या खांद्यावर जोरात थाप मारली. सरांनी आकडे तीनदा तपासले आणि म्हणाले, "लिही." तो निबंध छापून आला आणि प्रबंधही मंजूर झाला.

आता सिरसाळ्याला काय झालं ते. पदवी मिळाल्याचं कळल्यावर गावानं सत्कार ठरवला. सरपंच स्वतः घरी आले, अप्पांना "शरणार्थ" म्हणून नमस्कार करून बसले आणि मला म्हणाले, "ताई, न्हाई म्हणायचं न्हाई. गावाची शान हाय." मी गेले तर बाजारतळावर मंडप आणि मागे माझ्या फोटोचा मोठा फ्लेक्स. त्यावर लिहिलेलं होतं, 'सिरसाळ्याच्या लेकीने लावला कीटकनाशकाचा शोध.' अप्पा पहिल्या रांगेत, नवा पांढरा सदरा, डोक्याला फेटा. इतके ताठ बसलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

शाल, नारळ, हार झाले. मी बोलायला उभी राहायच्या आधीच मधल्या रांगेतून एक म्हातारे शेतकरी उठले. "ताई, ह्ये पावडर कधी मिळणार? माझी तूर घरात हाय, लई भुंगा लागतो."

"आरं थांब बे, बोलू दे तिला," मागून कुणीतरी म्हणालं. पण सगळे माझ्याकडेच बघत होते आणि अप्पाही.

मी म्हणाले, "काका, मिळणार नाही. मी औषध काढलेलं नाही."

सरपंचांनी फ्लेक्सकडे पाहिलं. मी पुढे बोलत राहिले, कारण थांबले असते तर पुन्हा तोंड उघडलं नसतं. मी सांगितलं की मी जी पूड केली ती भुंग्याची अंडी कमी करते, हे खरं आहे आणि हे याआधी या पुडीबद्दल कुणाला माहीत नव्हतं, कारण ही पूडच जगात नव्हती. पण ती तुरीला लावली आणि तीच तूर आपण खाल्ली तर माणसाला काय होईल, जमिनीत तांबं साठलं तर काय होईल, हे अजून कुणालाच माहीत नाही. ते शोधायला दुसरी माणसं लागतील आणि बरीच वर्षं. "म्हणून मी माझ्या घरातल्या धान्यालाही ती लावत नाही," मी म्हणाले. "पण जे मी केलंय ते पक्कं केलंय. कुणीही, कुठंही करून बघावं, तेच निघेल."

मग मी त्यांना लिगँड धातू कसा धरतात ते सांगितलं. स्वयंपाकघरातली सांडशी गरम पातेलं दोन बाजूंनी धरते, तशा दोन सांडश्या एका तांब्याच्या अणूला धरून आहेत, एवढंच. बाया हसल्या. टाळ्या पडल्या, पण आधी वाजत होत्या तेवढ्या नाहीत. ते म्हातारे काका खाली बसता बसता म्हणाले, "म्हंजी आपल्याला ऊनच दाखवायचं." मी म्हणाले, "हो काका, सध्या ऊनच."

अप्पा माझ्या पुढं चालत घरी आले. फेटा काढून खुंटीला लावला आणि बाजेवर पेपर उघडून बसले. मला आत कुठंतरी खुपत होतं. गावासमोर त्यांची मान खाली झाली, असं वाटत होतं. आणि तरीही मी जे बोलले त्यातला एक शब्दही मला बदलायचा नव्हता.

आई कणीक मळत होती. ती सातवीपर्यंत शिकलेली. ती म्हणाली, "ते सांडशीचं मला नीट सांग. सांडशी कशाची बनलेली हाय?"

मी परातीजवळ बसले. कणकेच्या गोळ्या केल्या, आगपेटीच्या काड्या घेतल्या. मोठी गोळी तांबं, तिच्याभोवती चार लहान गोळ्या: दोन नायट्रोजन, दोन ऑक्सिजन. आईनं विचारलं, "आन् ह्ये तू बघितलं कसं? भिंगातनं?"

"भिंगातून दिसत नाही. इतकं बारीक असतं."

"मग तुला काय म्हाईत, असंच हाय म्हणून?"

हा प्रश्न मला विद्यापीठात तोंडी परीक्षेतही विचारला गेला होता, जवळजवळ याच शब्दांत. मी आईला चुंबकाचं सांगितलं, आलेखातल्या दऱ्यांचं सांगितलं, तांबं ओढलं जातं आणि निकेल ओढलं जात नाही ते सांगितलं. ती मधे मधे थांबवून विचारत होती. बाजेवरचं पेपराचं पान मात्र बराच वेळ उलटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानामागच्या खोलीत कपडे भरत होते. समोर दोन-तीन माणसं आली होती. एक जण म्हणाला, "अप्पा, काल पोरीनं पार पाणीच ओतलं की. औषध न्हाई म्हणली."

"न्हाईच हाय औषध," अप्पांचा आवाज आला. "औषध करणारे लई हायती. तिनं काय केलं, म्हाईत हाय का? तांब्याचा कण केवढा असतो? भिंगात दिसत न्हाई. त्याला चार बाजूंनी धरून बसवलं. आन् बसलंय का न्हाई ते चुंबकानं ताडून बघितलं. निकेल ओढंना, तांबं ओढतंय. कळलं का?"

"न्हाई," तो माणूस म्हणाला.

"मग बस. सांगतो," अप्पा म्हणाले, आणि मी भिंतीआडून ऐकलं की त्यांनी मुठीनं तुरीचे दाणे काढून पाटावर मांडायला सुरुवात केली. मोठा एक, बारीक चार. एका ठिकाणी ते चुकले. नायट्रोजनच्या जागी त्यांनी दुसरंच काहीतरी नाव घेतलं. मी बाहेर जाऊन दुरुस्त केलं नाही. पिशवीवर हात ठेवून तशीच उभी राहिले आणि पोटभर ऐकून घेतलं.

आता मी स्वतः शिकवते. सर निवृत्त झालेत, मॅडम मुलाकडे राहायला गेल्या. माझ्याकडे चार विद्यार्थी संशोधन करतात. सध्या आम्ही तांब्याऐवजी जस्तावर भर दिला आहे, कारण ते जमिनीला कमी जड जाईल अशी आशा आहे. अजून आशाच आहे. विद्यार्थ्यांतली एक मुलगी माजलगावकडची, तिचे वडील साखर कारखान्यात बॉयलरवर आहेत. गेल्या हिवाळ्यात तिला घेऊन मी सोलापूरला एका परिषदेला गेले. तिनं निबंध वाचला, आणि एका नामांकित संस्थेतून आलेल्या प्राध्यापकांनी उठून एक अवघड प्रश्न विचारला: हे रेणू किड्याच्या शरीरात शिरल्यावर जसेच्या तसे राहतात की तुटतात? तिच्याऐवजी उत्तर द्यायला माझी जीभ शिवशिवत होती. ती म्हणाली, "सर, हे आम्ही अजून तपासलेलं नाही. तपासायचं असेल तर असं तपासता येईल," आणि मग फळ्यावर जाऊन तिनं प्रयोगाची मांडणी काढून दाखवली. प्राध्यापकांनी खाली बसण्याआधी वहीत काहीतरी टिपून घेतलं.

परतीच्या वाटेवर मांजरसुंब्याला गाडी थांबली. ढाब्यावर पिठलं-भाकरी मागवली. पोरीनं तेवढ्यात वडिलांना फोन लावला होता आणि ट्रकच्या आवाजावर ताण करून ती ओरडून सांगत होती, "न्हाई, बक्षीस न्हाई मिळालं! पर त्यांनी प्रश्न विचारला ना, लई मोठ्या माणसानं! आन् म्या सांगितलं!" आजूबाजूची सगळी टेबलं तिच्याकडे बघत होती. मी तिची भाकरी झाकून ठेवली आणि तिला सावकाश बोलू दिलं.